पान एकशे चौदा

चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे,
म्हणून पत्रही माझ्याकडेच आलं.
कनेक्टिकटहून. लोइस बीडल, वय एक्याऐंशी,
दोन्ही गुडघे बदललेले.

बाईंना एका मंडळात जायचंय.
तिथं वर्गणी भरून जाता येत नाही,
जन्मूनच जावं लागतं.
आणि जन्मल्याचे कागद लागतात, दहा पिढ्यांचे,
एकाला एक डकवलेले,
थेट त्या माणसापर्यंत, जो साडेतीनशे वर्षांपूर्वी
दलदलीकाठी लाकडी कुंपण घालून राहिला
आणि बंदूक घेऊन गावाच्या पहाऱ्यावर उभा राहिला.
कुणाविरुद्ध, ते पत्रात नाही.

दहा पिढ्या, नऊ सांधे. आठ जुळले.
नववा: आई हॅरिएट. जन्म सोलापूर.

मला हसू आलं.
आम्हाला वाटायचं, पणज्याचा पुरावा मागणारं ऑफिस
जगात एकच, समाजकल्याणच्या जिन्यावरचं,
जिथं पुतणीनं अकरा खेटे घातले
आणि साहेब दर वेळी म्हणाले,
याच्या आधीचं काही आहे का?

मी मिलमध्ये टाइमकीपर होतो, एकतीस वर्षं.
भोंगा थांबला, सवय राहिली:
ज्याच्या नावापुढं वेळ नाही, तो आलाच नाही.

एप्रिलची दुपार. पत्र्याखाली बेचाळीस.
डांबराच्या गोळ्या, कसरीनं खाल्लेल्या कडा,
पान एकशे चौदा. सन एकोणीसशे, दुष्काळाचं साल.
हॅरिएट. बाप अमका रेव्हरंड, आई अमकी,
दोन्हीकडचे आजे, त्यांची गावं,
ऐसपैस, अडीच ओळी अडवून.

आणि खाली,
त्याच दौतीतून, त्याच हातानं, बहुतेक त्याच दुपारी:
मुलगा. अंदाजे चार वर्षे.
बाप माहीत नाही. आई माहीत नाही.
होटगीकडच्या रुळांवरून आणला.
नाव विचारता ‘पाणी’ म्हणाला.

थिओफिल ठेवलं मग.
उबाळे हे आडनाव, ज्या बाईनं त्याला पेज पाजली, तिचं.
तो माझा आजोबा.
आमची वंशावळ एका दमात वाचून होते.

लोइसबाईंनी लिहिलं होतं, फक्त आमचीच नोंद हवी,
बाकी कापलं तरी चालेल.
मोबाइल वर सरकवला, मग डावीकडं,
पण हॅरिएटच्या ‘ह’ची शेपटी
खाली उतरून ‘मुलगा’च्या डोक्यावर टेकलेली.
कापावं तर ‘ह’ मोडतो.
पाठवलं अख्खं पान.

सोबत फॉर्म होता. प्रत खरी असल्याचं लिहून देणारा:
सॉलोमन आनंदराव उबाळे.
अर्जदाराशी नातं: त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो.
पेनातली शाई वाळली, झटकली, लिहिलं:
शेजारची ओळ.
तिकडच्या ऑफिसातून फॉर्म परत आला.
कृपया ‘नाही’ असे भरावे.
भरलं. बाईंचा अर्ज का अडवायचा,
खेटे घालायला तिचे गुडघे कुठले.

जुलैत फोटो आला.
छातीवर फीत, फितीवर सोनेरी पट्ट्या,
एका पूर्वजाला एक, बाई किंचित वाकलेल्या,
वजनानं की वयानं, कळत नाही.
कुणीतरी टाळ्या वाजवतंय, हातच तेवढे फोटोत.
मागं कागदी ताटलीत केक.

फोटोखाली आभार, आणि एकच प्रश्न.
पान तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार.
त्या पोराला
पाणी मिळालं का?

दोनदा बसलो उत्तराला.
एकदा ‘हो’ लिहिलं, फार लहान दिसलं.
एकदा सगळं लिहिलं, बापाचं, माझं, पुतणीच्या नोकरीचं,
ते फॉर्मसारखं दिसायला लागलं.

आज राहू दे.
आज चौथा दिवस, नळ येतो साडेचारला,
पिंप धुवायचाय,
आणि गल्लीत पहिली बादली कुणाची,
यावरून आत्तापासूनच आवाज चढलेत.